निकाहाआधीची एक रक्ततपासणी

सदर : विज्ञान आणि आपले घर



रिश्ता ठरवताना आपल्याकडे काय काय पाहिले जाते? घराणे, दीनदारी, शिक्षण, नोकरी किंवा शेती, मुलाच्या सवयी, मुलीचा स्वभाव. हदगावसारख्या तालुक्याच्या गावात तर पुष्कळदा बाहेर पाहण्याची वेळच येत नाही. मामूची मुलगी, फुफीचा मुलगा, खालाची लेक, चाचाचा लेक. मुले एकाच अंगणात वाढलेली असतात, मोठी माणसे दस्तरखानावरच हो म्हणतात आणि तारीख निघते. एक प्रश्न मात्र अजून फारसा कुणी विचारत नाही: दोघांपैकी एकाच्या तरी हिमोग्लोबिनची नीट तपासणी झाली आहे का?

हा प्रश्न का विचारायचा, हे या महिन्यात पाहू. त्यासाठी आधी पेशीत डोकवावे लागेल. अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्रात 'जैविक महारेणू' असा धडा असतो. कर्बोदके, मेद, प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले ही चार नावे पाठ करायची, पेपरात लिहायची आणि सुट्टीत विसरायची, असेच त्या धड्याचे होते. पण एखाद्या घरातले मूल दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला नांदेडला न्यावे लागते, तेव्हा त्या घराला हाच धडा फार महागात शिकावा लागतो. तो आधीच समजून घेतलेला बरा.

शिवारातले चार महारेणू

रेणू म्हणजे अणूंची बांधलेली जोडणी. पाण्याच्या रेणूत तीनच अणू असतात. पेशीतल्या काही रेणूंत हजारो, लाखो अणू असतात. असे रेणू बहुतेक वेळा लहान लहान मणी एकापुढे एक ओवून तयार होतात. त्यांना महारेणू म्हणतात. त्यांचे नमुने पाहायला प्रयोगशाळेत जायला नको, आपले शिवार पुरे आहे.

ज्वारीच्या दाण्यात स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेच्या मण्यांची माळ. आता शेजारच्या पट्टीतला कापूस घ्या. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राच्या 'नांदेड-४४' या वाणाचे नाव जुन्या शेतकऱ्यांना आजही आठवते. कापसाचा धागा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ! मणी तेच, फरक फक्त ओवण्यात. स्टार्चमध्ये मणी अशा रीतीने जोडलेले असतात की माळ स्प्रिंगसारखी वळते आणि आपल्या पोटातल्या रसांना ती सहज तोडता येते. सेल्युलोजमध्ये एक मणी सुलटा, तर पुढचा उलटा. त्यामुळे माळ सरळसोट राहते, शेजारच्या माळांना चिकटते आणि चिवट धागा बनतो. म्हणून ज्वारीची भाकरी होते आणि कापसाचा सदरा. कडब्यातले सेल्युलोज बैलाला पचते, तेही त्याच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे.

या एका उदाहरणात सगळ्या धड्याचे सार आहे. महारेणूचे काम त्याच्या रचनेवर ठरते. जोडणी बदलली की काम बदलते.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तेल-तूप म्हणजे मेद. मेदाचे रेणू मण्यांच्या लांब माळा नसतात, तरी पेशीत त्यांचे काम मोठे आहे. मेदवर्गातल्या रेणूंचा दुहेरी थर म्हणजेच पेशीचे पटल. आत काय येऊ द्यायचे आणि बाहेर काय जाऊ द्यायचे, ते या थरावर आणि त्यात बसवलेल्या प्रथिनांवर ठरते.

प्रथिने ही पेशीतली कामकरी मंडळी. केस आणि नखे प्रथिनांची, स्नायू प्रथिनांचे. तोंडातल्या लाळेत भाकरीचा स्टार्च तोडणारे प्रथिन असते, म्हणून घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिनही प्रथिनच. प्रथिनांच्या माळेत मण्यांचे २० प्रकार असतात. त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. ते कोणत्या क्रमाने ओवले, त्यावर माळ कशी दुमडायची ते ठरते. आणि ती कशी दुमडली, त्यावर ती काय काम करणार ते ठरते. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो तो यामुळेच: आचेने प्रथिनांच्या घड्या उलगडतात, माळा एकमेकींत गुंततात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

मग मण्यांचा क्रम कुठे लिहिलेला असतो? डीएनएमध्ये. हा चौथा महारेणू, न्यूक्लिइक आम्ल. डीएनएच्या माळेत चारच प्रकारची अक्षरे असतात. त्या माळेची पिळदार दुहेरी शिडी १९५३ मध्ये उलगडली. माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात आणि आपल्या बहुतेक पेशींत असे दोन संच असतात. एक अम्मीकडून, एक अब्बांकडून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातबाराचा उतारा

डीएनएवरून प्रथिन कसे बनते, हे आपल्या ओळखीच्या भाषेत सांगतो. जमिनीचे मूळ रेकॉर्ड दप्तरातच राहते. शेतकरी कर्जासाठी बँकेत जातो तेव्हा मूळ रेकॉर्ड नेत नाही, उतारा नेतो. पेशीतही तसेच आहे. डीएनए पेशीच्या केंद्रकात सुरक्षित राहतो. जे प्रथिन बनवायचे, तेवढ्याच पानाची नक्कल काढली जाते. त्या नकलेचे नाव आरएनए. ती नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाच्या यंत्रापाशी पोहोचते. तिथे तीन तीन अक्षरे मिळून एक शब्द वाचला जातो आणि प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल ओवले जाते.

या नकलेत एक गंमत आहे. मूळ पानावर कामाच्या मजकुराच्या मध्ये मध्ये बिनकामाचा मजकूरही असतो. नक्कल बाहेर पाठवण्याआधी तो कापून टाकावा लागतो आणि कामाचे तुकडे जोडावे लागतात. कुठे कापायचे, याच्या खुणा अक्षरांतच असतात. आपली आजची सगळी गोष्ट अशा एका खुणेशी येऊन थांबते.

चार जागांची गाडी

१३ व्या शतकात दमास्कसजवळ जन्मलेले आणि कैरोत काम केलेले हकीम इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले की, हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांत जाते, तिथे हवेशी मिळते आणि मग डाव्या बाजूला येते. रक्त फुप्फुसांतून नेमके काय घेऊन येते, हे कळायला पुढे कित्येक शतके लागली. ते घेऊन येते ऑक्सिजन, आणि तो वाहून नेणारी गाडी म्हणजे हिमोग्लोबिन.

हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. त्यात चार माळा असतात: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा माळेत १४१ अमिनो आम्ले, बीटा माळेत १४६. चारही माळांची मिळून ५७४. प्रत्येक माळेच्या घडीत एक हीम नावाचा भाग बसवलेला असतो आणि त्याच्या मधोमध लोहाचा एक अणू. त्या लोहाला ऑक्सिजन धरतो. म्हणजे गाडीत चार जागा. आपल्या काळी-पिवळीत पहिली सवारी बसेपर्यंत वेळ लागतो, एकदा ती बसली की बाकीची गाडी भराभर भरते. हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. एक ऑक्सिजन बसला की माळा जराशा सरकतात आणि पुढच्यांना बसणे सोपे जाते. हातापायांच्या स्नायूंत पोहोचल्यावर उतरतानाही तसेच. हिमोग्लोबिनची ही रचना क्ष-किरणांनी शोधून काढणारे मॅक्स पेरुत्झ यांना १९६२ मध्ये नोबेल मिळाले.

रक्ताच्या एका लाल पेशीत अशा सुमारे २७ कोटी गाड्या असतात. पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून हाडांतल्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी तयार होत राहतात. एवढा मोठा कारखाना नीट चालायचा तर अल्फा आणि बीटा माळा सारख्या प्रमाणात बनायला हव्यात.

एका अक्षराने काय होते

बीटा माळेच्या जनुकात सुमारे १६०० अक्षरे आहेत. त्यातले एक अक्षर बदलले तर?

पहिले उदाहरण सिकलसेलचे. बीटा माळेत सहाव्या जागी जे अमिनो आम्ल हवे, त्याऐवजी दुसरेच बसते. १४६ पैकी एक मणी बदलतो, बस. पण त्या मण्यामुळे ऑक्सिजन उतरल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी याला 'रेणूचा आजार' म्हटले. नेमका कोणता मणी बदलला, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी काही वर्षांतच केंब्रिजमध्ये दाखवले. आपल्या जिल्ह्याच्या किनवट-माहूर पट्ट्यातल्या आरोग्य सेवकांना हा आजार ओळखीचा आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात महाराष्ट्रही आहे.

दुसरे उदाहरण बीटा थॅलेसेमियाचे. भारतात या आजाराचा जो दोष सर्वांत जास्त आढळतो, तो मघाशी सांगितलेल्या कापण्याच्या खुणेतला आहे. खुणेजवळचे एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे नक्कल भलत्याच जागी कापली जाते, उतारा चुकतो आणि बीटा माळा फारच थोड्या बनतात. सिकलसेलमध्ये गाडी वाकडी बनते. थॅलेसेमियात गाडीच बनत नाही, कारण निम्मे सुटे भाग येतच नाहीत.

आणि दुसरे निम्मे भाग मात्र येत राहतात. जोडीदार नसलेल्या अल्फा माळा लाल पेशी घडत असतानाच तिच्यात साचतात, गोळे बनतात आणि पेशीला आतून मारतात. शरीराला वाटते, रक्त कमी पडते आहे, आणखी बनवा. मगज वाढत जातो, चेहऱ्याची हाडे रुंद होतात, प्लीहा सुजते. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये थॉमस कूली या डॉक्टरांनी अशा मुलांचे वर्णन पहिल्यांदा नीट लिहून ठेवले.

बाळ सहा महिन्यांचे होते तेव्हा

अनेक घरांत गैरसमज इथेच होतो. बाळ जन्मते तेव्हा गुबगुबीत, हसरे असते. अकीका होतो, मिठाई वाटली जाते. चार-सहा महिन्यांनी ते फिकट दिसू लागते, दूध कमी पिते, सारखे आजारी पडते. मग कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते आईचे दूध लागले नाही.

खरे कारण महारेणूतच आहे. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा माळांच्या जागी गॅमा माळा असतात. गॅमाचे जनुक वेगळे आणि ते धडधाकट असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमा बंद करून बीटा सुरू करते. ज्या बाळाच्या बीटाच्या दोन्ही नकला खराब आहेत, त्याची अडचण तेव्हा उघडी पडते. नजरेचा आणि आईच्या दुधाचा यात काही संबंध नाही.

त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आयुष्यभर. रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि शरीरातून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. लोह साठवायला शरीरात फेरिटिन नावाचे प्रथिन आहे. त्याच्या पोकळ गोळ्यात साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. पण तेही भरून वाहते आणि जादा लोह हृदय, यकृत, ग्रंथींत साचते. म्हणून लोह बाहेर काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात. औषध चुकले तर रक्ताने वाचवलेले मूल लोहाने जाते. नीट उपचार मिळाले तर अशी मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. पण त्यामागे आईबापांची रोजची मेहनत असते.

जुळणाऱ्या भावाबहिणीचा मगज मिळाला तर प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने जनुकात बदल करणाऱ्या एका उपचारालाही मंजुरी दिली. त्यात शरीराने बंद केलेल्या गॅमा माळा पुन्हा चालू केल्या जातात. मार्ग सुंदर आहे, पण आपल्या घरांच्या आवाक्याबाहेरचा आहे. आपल्या हातात आहे ती तपासणी.

वाहक म्हणजे आजारी नव्हे

डीएनएचे दोन संच असतात, हे वर सांगितले. एक नक्कल खराब आणि दुसरी चांगली असेल तर चांगली नक्कल काम भागवते. अशा माणसाला वाहक म्हणतात. वाहक शेतात राबतो, रोजे ठेवतो, मुले वाढवतो. त्याला औषध लागत नाही, त्याच्यापासून कुणाला काही लागण होत नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक १०० मध्ये सुमारे ३ ते ४ असल्याचा अंदाज आहे. काही समाजांत ते जास्त आहेत, पण एकही समाज यातून सुटलेला नाही. अशा दोषांचे वाहक मलेरियाच्या प्रदेशांत जास्त का, याचेही उत्तर मिळाले आहे: वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हे दोष टिकून राहिले.

अडचण येते ती नवराबायको दोघेही वाहक असतील तेव्हा. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलासाठी जणू चार चिठ्ठ्या असतात. एक चिठ्ठी पूर्ण निर्दोष, दोन वाहक, एक आजारी. म्हणजे प्रत्येक वेळी आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. लोक समजतात, एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन ठीक होणार. तसे नाही. प्रत्येक बाळंतपणाला चारही चिठ्ठ्या पुन्हा भांड्यात टाकल्या जातात.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक जण सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही मूल आजारी होऊ शकते. दोन्ही दोष एकाच बीटा जनुकातले आहेत.

आणि हेही लक्षात घ्या: आजारी मुलाला एक खराब नक्कल आईकडून आणि एक बापाकडून मिळालेली असते. अगदी बरोबरीने. तरी आपल्याकडे बोल सुनेला लागतो. "हिच्या माहेरचे रक्त खराब" असे म्हणणाऱ्या सासूला सांगायला हवे की, तिच्या लेकाचा वाटाही तेवढाच आहे. आणि या वाट्यात कुणाचाच गुन्हा नाही.

नात्यातल्या लग्नांचे काय?

हा विषय नाजूक आहे, म्हणून हिशेबानेच बोलू. समजा मुलगा वाहक आहे. परक्या घरातली मुलगी केली तर ती वाहक असण्याची शक्यता १०० मध्ये ३-४. सख्ख्या चाचाची, मामूची, फुफीची किंवा खालाची मुलगी केली, तर आजी-आजोबांकडून तोच दोष तिच्यातही आलेला असण्याची शक्यता आठात एक, म्हणजे १०० मध्ये १२-१३. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्ने होत आली असतील तर त्याहूनही जास्त.

याचा अर्थ नात्यातले प्रत्येक लग्न धोक्याचे, असा नाही. दोघांपैकी एक जरी वाहक नसेल, तरी या आजाराची भीती उरत नाही, मग ते कितीही जवळचे असोत. आणि परक्यात लग्न केले म्हणजे सुटलो, असेही नाही. दोन अनोळखी वाहकही एकत्र येऊ शकतात. मामाची मुलगी करण्याची रीत मराठवाड्यातल्या कितीतरी हिंदू घरांतही आहे, तेव्हा हा एकट्या मुसलमानांचा प्रश्न नाही. शरीअतने चुलत-मामे-आते-मावस भावंडांच्या निकाहाला परवानगी दिली आहे, सक्ती कुठेही केलेली नाही. परवानगी असलेली गोष्ट माहिती घेऊन, सावधपणे करायला कसली अडचण आहे?

मुस्लिम देशांनी हे केव्हाच केले आहे. इराणमध्ये १९९७ पासून निकाहाआधी थॅलेसेमियाची तपासणी होते. तिथली पद्धत शहाणपणाची आहे: आधी मुलाचे रक्त तपासतात. त्याच्या लाल पेशी ठीक निघाल्या तर मुलीची तपासणी करतच नाहीत. मुलीच्या नावाला विनाकारण डाग लागत नाही. सौदी अरबस्तानात २००४ पासून निकाहाआधी सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. अहवाल पाहून निकाह करायचा की नाही, हे मात्र त्या दोघांवर सोडले आहे. सौदीच्या पूर्व भागात आढळणाऱ्या सिकलसेलच्या जनुकाचा अक्षर-नमुना आणि भारतातल्या आदिवासी भागांत आढळणारा नमुना एकच आहे. शास्त्रज्ञ त्याला 'अरब-भारतीय' नमुनाच म्हणतात.

तपासणी कशी करायची

पहिली पायरी साधी सीबीसी तपासणी. ती तालुक्याच्या गावीही होते. त्या कागदावर एमसीव्ही आणि एमसीएच असे दोन आकडे असतात. एमसीव्ही ८० पेक्षा कमी किंवा एमसीएच २७ पेक्षा कमी असेल तर लाल पेशी लहान आणि फिकट आहेत. हे लोहाच्या कमतरतेनेही होते आणि थॅलेसेमियाच्या वाहकातही दिसते. आपल्या कितीतरी बहिणी वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या खातात आणि हिमोग्लोबिन वाढत नाही. त्यातल्या काही वाहक असू शकतात. पण म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, आपल्याकडे लोहाची कमतरताही खरोखर खूप आहे. डॉक्टरांना विचारा.

दुसरी पायरी हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी. तिला एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. त्यात एचबी-ए-टू नावाचा प्रकार साधारण साडेतीन टक्क्यांहून जास्त निघाला तर माणूस बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असतो. सिकलसेलही याच तपासणीत कळतो, आणि तो साध्या सीबीसीत लपून राहू शकतो. म्हणून घराण्यात किंवा परिसरात सिकलसेल असेल तर थेट ही दुसरी तपासणी करावी. लोह फार कमी असेल तर ए-टूचा आकडा खाली दिसू शकतो, आणि अलीकडे रक्त चढवले असेल तर अहवाल फसवा येतो. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधी सांगाव्यात. ही तपासणी कुठे होईल, याची चौकशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात करता येईल. आयुष्यात एकदा केली की पुरे. डीएनए बदलत नाही, त्यामुळे हे उत्तरही बदलत नाही.

तपासणी कधी करायची? मंगनीच्या आधी. हॉल ठरला, दावत छापली, दागिने घेतले, मग अहवाल आला तर घराण्यांत कडवटपणा येतो. त्याहून चांगले म्हणजे मुलगा-मुलगी अठरा-वीस वर्षांची झाली की, रिश्त्याचा विषय निघण्याआधीच तपासणी करून कागद कपाटात ठेवायचा. अहवाल घरातच ठेवा, मोहल्ल्यात वाटू नका.

दोघेही वाहक निघाले तर? मग निर्णय त्या दोघांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. दुसरीकडे पाहता येते. लग्न आधीच झाले असेल तर गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा अगदी लहान तुकडा घेऊन बाळाचा डीएनए तपासता येतो. त्यापुढचा प्रश्न फार कठीण असतो. तो तज्ज्ञ डॉक्टर आणि विश्वासातले आलिम, दोघांसमोर लवकर मांडावा. निकाहाआधी तपासणी झालेली असेल तर बहुतेक घरांवर त्या प्रश्नाची वेळच येत नाही.

ज्यांच्या घरी हे मूल आहे

या घरांना सल्ल्याच्या आधी आधार हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही आजार आहेत, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र मागता येते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना रक्तपेढीने प्रक्रिया शुल्क न घेता रक्त द्यावे, असे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे निर्देश आहेत. मगज प्रत्यारोपणासाठी 'थॅलेसेमिया बाल सेवा योजना' आहे. त्यात ठरावीक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. या घरातल्या इतर मुलांची, चाचा-मामूंच्या मुलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण दोष घराण्यात फिरत असतो.

आणि बाकीच्यांनी रक्त द्यावे. ईद-ए-मिलादला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात, ती चांगली रीत आहे. पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर महिन्याला रक्त लागते. वर्षात एकदा शंभर पिशव्या जमवण्यापेक्षा मोहल्ल्यातल्या तरुणांनी महिने वाटून घेतले तर त्या मुलाची जास्त सोय होईल. पुरुषांना दर तीन महिन्यांनी, स्त्रियांना दर चार महिन्यांनी रक्त देता येते.

इमाम साहेबांना आणि निकाह लावणाऱ्या काझींना एक विनंती आहे. निकाहाच्या कागदपत्रांची चौकशी करताना एवढेच विचारावे: "मुलाची हिमोग्लोबिनची तपासणी झाली का?" सक्ती नको, अट नको. वर्षभर प्रत्येक निकाहाच्या वेळी हा प्रश्न विचारला गेला तर तो मेहेरच्या प्रश्नाइतकाच सवयीचा होईल. जुम्याच्या बयानात दोन मिनिटे यावर बोलले गेले, तर या लेखापेक्षा जास्त घरांत ही गोष्ट पोहोचेल.

अकरावी-बारावीच्या मुला-मुलींनी तर महारेणूंचा धडा आला की घरी अम्मी-अब्बांना हिमोग्लोबिनच्या चार माळा काढून दाखवाव्यात, आणि मग आपला सीबीसीचा जुना कागद शोधून त्यावरचा एमसीव्हीचा आकडा वाचावा.

पुढच्या महिन्यात साखरेचा आजार आणि इन्सुलिन या प्रथिनाविषयी. अल्लाह हाफिज.